सावलीचा युक्तिवाद कोणाच्या तोंडी आहे

तुमचा प्रश्न असा आहे. सोलापुरातील तुमच्या वाचनगटाने मिखाईल बुल्गाकोव्ह यांची ‘मास्टर आणि मार्गारिटा’ ही रशियन कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचली. शेवटाकडे मॉस्कोतील एका इमारतीच्या गच्चीवर सैतान वोलान्द आणि येशुआचा, म्हणजे कादंबरीतल्या येशूचा, शिष्य मत्तय लेवी यांचा जो संवाद होतो, त्यावरून गटात दोन तट पडले. वाईट नसते तर तुझ्या चांगल्याने काय केले असते, आणि पृथ्वीवरच्या सावल्या नाहीशा झाल्या तर पृथ्वी कशी दिसली असती, असे वोलान्द तेथे विचारतो. एका तटाच्या मते हेच कादंबरीचे सार आहे, म्हणजे वाईटावाचून चांगल्याला अस्तित्वच नाही. दुसऱ्या तटाला हे पटत नाही, पण त्यांना उत्तरही सापडत नाही. तुम्ही स्वतः सोलापुरी चादरीचा दाखला दिला आहे. एका बाजूला जो रंग फूल होतो तोच उलट बाजूला जमीन होतो आणि एक बाजू काढून टाकून दुसरी ठेवता येत नाही. चांगल्यावाईटाचेही तसेच आहे का, असे तुम्ही विचारता.

मी याच शहरात तीस वर्षांहून अधिक काळ कथा-कादंबरी शिकवली आहे आणि ही कादंबरी विद्यार्थ्यांच्या चार-पाच तुकड्यांबरोबर सावकाश वाचली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. चांगले आणि वाईट या कादंबरीत एकमेकांत गुंतलेले आहेत याबद्दल मला शंका नाही. परंतु दोघेही एकमेकांवर सारख्याच प्रमाणात अवलंबून आहेत, असे कादंबरी कोठेही दाखवीत नाही. वाईटाला उभे राहण्यासाठी प्रत्येक वेळी कोणाच्या तरी विश्वासाचा, मायेचा किंवा चांगल्या शब्दाचा आधार घ्यावा लागतो. चांगल्याला मात्र वाईटाच्या राज्यातून वाट काढावी लागते. आधार घेणे आणि वाट काढणे यांत जो फरक आहे, तो एकदा लक्षात आला की तुमच्या गटातील वाद बराचसा सुटेल.

प्रथम गच्चीवर कोण कोणाशी बोलत आहे ते पाहावे. मत्तय लेवी हा पूर्वीचा जकातदार, मळलेल्या कपड्यांचा, त्रासलेल्या चेहऱ्याचा माणूस आहे. तो वर येतो तेव्हा वोलान्दला साधे अभिवादनही करीत नाही, आणि का करीत नाहीस असे विचारल्यावर सांगतो की तुझे बरे व्हावे अशी माझी इच्छा नाही. ज्याच्या गुरूने आयुष्यभर प्रत्येकाला ‘भला माणूस’ म्हटले, त्याच्या शिष्याच्या तोंडचे हे शब्द आहेत. वोलान्दचा सावलीचा युक्तिवाद या माणसाला उद्देशून आहे. तो आपल्या तलवारीची सावली दाखवतो, मग झाडांच्या आणि जिवंत प्राण्यांच्या सावल्यांकडे वळतो आणि विचारतो की निव्वळ उजेडाच्या हौसेपायी तू झाडे आणि जीव पृथ्वीवरून खरवडून काढणार आहेस काय. लेवीच्या कडवेपणाला हे उत्तर चोख आहे आणि वाचताना आपली मान आपोआप हलते. मात्र येथे एक पात्र दुसऱ्या पात्राला निरुत्तर करीत आहे, आणि पात्राने वाद जिंकला म्हणजे कादंबरीने आपला सिद्धांत मांडला असे होत नाही. हा नियम मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगत असे आणि पदव्युत्तर वर्गातही तो पुन्हा सांगावा लागे.

युक्तिवाद म्हणूनही तो तपासून पाहावा. आपल्या सोलापुरात मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. वर्तमानपत्रे त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. एका वर्षी मी वर्गातल्या मुलांना तेव्हा गच्चीवर नेले होते आणि एक स्टीलचा पेला फरशीवर उपडा ठेवला होता. सावली आखडत आखडत पेल्याच्या काठाखाली गेली आणि दिसेनाशी झाली. एका मुलीने पेला हातभर वर उचलून धरला, तेव्हा ती फरशीवर पुन्हा गोल उमटली. सावली गेलेली नव्हती, पायाखाली दडली होती. वोलान्दचे जेवढे खरे आहे तेवढे या पेल्यात दिसते. पृथ्वीवर जे जे उभे आहे त्याला सावली आहे, आणि सावली नसलेला माणूस हवा म्हणणारा माणसालाच नाकारतो. परंतु त्या दुपारी हेही दिसत होते की सूर्याचे पेल्यावाचून काहीही अडत नव्हते. अडत होते ते आमचे. सूर्याकडे थेट पाहवत नाही, म्हणून तो कोठे आहे हे आम्ही सावलीवरून ओळखत होतो. कादंबरीकाराचीही हीच अडचण असते. निखळ चांगुलपणा पानावर थेट आणला की तो फिका किंवा उपदेशकी दिसतो, म्हणून तो कोणत्या वस्तूवर पडला आणि त्याने कोणती सावली पाडली, हे कादंबरीकार दाखवतो. चांगले ओळखण्यासाठी आपल्याला वाईटाची मदत होते, हे मला मान्य आहे. चांगले असण्यासाठी वाईट लागते, हे वोलान्दने सिद्ध केलेले नाही.

आणि त्या वादाच्या भरात लेवी गच्चीवर आला कशाला, हे बहुतेक वाचक विसरतात. तो निरोप घेऊन आला आहे. येशुआने मास्टरचे, म्हणजे पिलातावर कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाचे, लेखन वाचले आहे आणि मास्टरला तू आपल्याबरोबर ने आणि शांती दे, अशी त्याची वोलान्दला विनंती आहे. तुम्हीच त्याला प्रकाशात का नेत नाही, असे वोलान्द विचारतो, तेव्हा लेवी खिन्नपणे सांगतो की त्याने प्रकाश मिळवलेला नाही, शांती मिळवली आहे. प्रकाशाच्या बाजूने अंधाराकडे शब्द टाकला जातो आणि अंधार तो मानतो. परस्परसंबंध म्हणायचा तर येथे आहे, आणि तो युक्तिवादापेक्षा कितीतरी नाजूक आहे, कारण त्यात दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचे काम स्वतःचे म्हणून मिरवत नाही.

आता 12व्या प्रकरणाकडे, व्हरायटी थिएटरातल्या काळ्या जादूच्या प्रयोगाकडे वळतो. छतातून नोटांचा पाऊस पडतो आणि प्रेक्षक त्या झेलायला धावतात. सूत्रसंचालक बेंगाल्स्की हा सारा नजरबंदीचा प्रकार आहे असे सांगू लागतो आणि लोकांना कंटाळा येतो. वरच्या सज्जातून कोणीतरी ओरडते की याचे मुंडके उडवा. वोलान्दचा बोका ते शब्दशः करतो. रक्त उसळते, सभागृह किंचाळते, आणि मग एका बाईचा आवाज येतो की देवासाठी त्याचे हाल करू नका. क्षमा करायची का, असे प्रेक्षकांना विचारले जाते आणि सगळीकडून होकार येतो. मग वोलान्द जणू स्वतःशीच बोलतो: माणसे माणसांसारखीच आहेत, त्यांना पैसा आवडतो, पण तो नेहमीच आवडत आला आहे, कधीमधी दयाही त्यांच्या काळजाचे दार ठोठावते, फक्त घरांच्या टंचाईने त्यांना बिघडवले आहे. त्यानंतर मुंडके परत बसवले जाते.

दोन्ही आवाज एकाच सभागृहातून आले आहेत, आणि लेखकाने दोघांनाही नाव दिलेले नाही. वोलान्दने ना क्रौर्य बाहेरून आणले ना दया. जे तेथे होते त्यावरचे झाकण त्याने काढले. येथपर्यंत वाचक खूश असतो आणि गोएथे यांच्या ‘फाउस्ट’मधून कादंबरीच्या आरंभी घेतलेले वचन त्याला आठवते, की मी त्या शक्तीचा अंश आहे जी नित्य वाईट इच्छिते आणि नित्य चांगले घडवते. मी मात्र विद्यार्थ्यांना उपसंहारापर्यंत नेऊन बेंगाल्स्कीचे पुढे काय झाले ते वाचायला लावत असे. तो रुग्णालयात काही महिने काढतो, बाहेर येतो, पण रंगमंचावर उभा राहू शकत नाही. दर वसंतात पौर्णिमेच्या सुमारास तो एकाएकी आपली मान हाताने चाचपतो, भेदरून इकडेतिकडे पाहतो आणि रडतो. प्रेक्षकांना दयेचा धडा मिळाला असेल, पण त्याची किंमत या बडबड्या, क्षुल्लक, कोणाचे फार वाईट न केलेल्या माणसाच्या मानेवरून वसूल झाली. वाईटातून चांगले निघते असे म्हणणाऱ्याने ही वसुली कोणाकडून झाली तेही सांगितले पाहिजे. बुल्गाकोव्ह सांगतात, म्हणून मी त्यांना मोठा कादंबरीकार मानतो.

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रसंग 24व्या प्रकरणात आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. सैतानाच्या मेजवानीत फ्रीदा नावाची एक स्त्री येते. ती एका कॅफेत कामाला होती, मालकाने तिला कोठीत बोलावले, नऊ महिन्यांनी मूल झाले, आणि ते तिने रानात नेऊन तोंडात रुमाल कोंबून मारले. तेव्हापासून तीस वर्षे निळ्या काठाचा तोच रुमाल रोज रात्री तिच्या उशाशी ठेवला जातो. तिने तो जाळून पाहिला, नदीत टाकून पाहिला, काही उपयोग नाही. मेजवानीची यजमानीण आणि मास्टरची प्रेयसी मार्गारिटा हे ऐकते आणि एकच प्रश्न विचारते: तो मालक कोठे आहे? बोका म्हणतो, मालकाचा येथे काय संबंध, त्याने काही मूल मारले नाही. मार्गारिटा त्याचा कान पिळते. वाईट एकट्याने घडत नाही, ते कोणाच्या तरी दारातून पुढच्या माणसाच्या हातात येते, आणि शिक्षा मात्र ज्याच्या हातात शेवटी रुमाल सापडला त्याला होते. एवढे सगळे बुल्गाकोव्ह यांनी एका प्रश्नात आणि एका पिळलेल्या कानात बसवले आहे.

मेजवानी संपल्यावर मार्गारिटाला एक मागणे मागण्याचा हक्क मिळतो. तिने हे सर्व ज्याच्यासाठी सोसले तो मास्टर मागायचा सोडून ती म्हणते की फ्रीदाला तो रुमाल देणे बंद करा. वोलान्द विचारतो की आपण अतिशय दयाळू आहात काय, अतिशय नीतिमान आहात काय. ती नाही म्हणते. मी विचार न करता तिला आशा दाखवली, ती आता माझ्यावर विसंबली आहे, आणि मी तिला फसवले तर मला जन्मभर चैन पडणार नाही, असे ती सांगते. तिने स्वतःला पुण्यवान म्हणवून घेतलेले नाही. तोंडून गेलेला शब्द पाळावा लागतो म्हणून ती स्वतःचे मागणे सोडते. वोलान्दचे उत्तर मी वर्गात दोनदा वाचून घेत असे. दया बारीक फटींतूनही आत शिरते, तेव्हा खोलीच्या फटींत चिंध्या कोंबाव्या लागतील, असे तो कुरकुरतो, आणि पुढे सांगतो की हे माझ्या खात्याचे काम नाही, तुम्हीच करा. मग मार्गारिटा स्वतः फ्रीदाला हाक मारून सांगते की तुला क्षमा आहे, रुमाल यापुढे मिळणार नाही. सैतानाला फटी दिसतात, पण त्या फटींतून काय येते ते त्याच्या हाती नाही. वाईटच चांगले घडवते असे म्हणणाऱ्या तुमच्या गटातील सदस्यांना हे पान दाखवावे. रुमाल ज्याच्या राज्यात रोज पोचवला जातो, तोच तो थांबवणे आपल्या अधिकारात नाही म्हणतो.

कादंबरीत मधूनमधून येणाऱ्या, येशुआच्या काळातल्या जेरुसलेमच्या प्रकरणांत हे गुंतणे अधिक वेदनादायक आहे. रोमन सुभेदार पंतय पिलात येशुआला सोडण्याच्या बेतात असतो, एवढ्यात दुसरा कागद पुढे येतो. कोणतीही सत्ता ही माणसांवरची जबरदस्ती आहे असे येशुआने किर्याथच्या यहूदाच्या घरी म्हटल्याची ती फिर्याद असते. पिलात घाबरतो आणि शिक्षा कायम करतो. पुढे 25व्या प्रकरणात तो आपल्या गुप्तहेरप्रमुखाला, अफ्रानियसला, सांगतो की आज रात्री यहूदाचा खून होणार अशी मला खबर आहे, त्याच्या रक्षणाची काळजी घ्या. तो खून घडवून आणण्याचा हुकूम असतो, आणि ऐकणाराही तो तसाच ऐकतो. रक्षणाची भाषा उसनी घेतल्याशिवाय त्या हुकमाला उच्चारताही येत नाही. वाईट चांगल्याच्या आधाराने जगते असे मी वर म्हटले, त्याला याहून नेमका दाखला मला माहीत नाही.

त्याच रात्री लेवीला पिलातापुढे आणतात. त्याच्याजवळ पावाच्या दुकानातून चोरलेला सुरा असतो. वधस्थानाकडे नेताना येशुआला स्वतःच्या हाताने मारून त्याचे हाल वाचवावेत म्हणून त्याने तो चोरला होता. ते जमले नाही, तेव्हा त्याच सुऱ्याने त्याने मृतदेहाचे दोर कापले. आता तो सुरा दुकानात परत द्यायचा आहे, असे तो म्हणतो. पिलात त्याला कैसरियाच्या ग्रंथालयात नोकरी देऊ करतो, ती तो नाकारतो आणि फक्त कोऱ्या चर्मपत्राचा एक तुकडा घेतो. मला एक माणूस मारायचा आहे, असेही तो सांगतो, आणि पिलात सांगतो की यहूदाला आजच रात्री मारले गेले, ते मी केले. सुरा परत देण्याइतका प्रामाणिक शिष्य सूडाची इच्छा धरून आहे, आणि ज्याच्या सहीने गुरू मेला तो अधिकारी शिष्याचा सूड उगवून मोकळा झाला आहे. दोघांचेही येशुआवर प्रेम आहे, आणि ज्याच्यासाठी ते हे करतात त्याने यहूदालाही भला माणूसच म्हटले असते.

26व्या प्रकरणातील पिलाताच्या स्वप्नात येशुआ त्याला सांगतो की आता आपण कायम बरोबर असू, माझी आठवण निघाली की लगेच तुझी निघेल. ख्रिस्ती श्रद्धाविधानात पिलाताचे नाव आजही उच्चारले जाते, याचा हा संदर्भ आहे. आपल्याकडे उलटे घडले आहे. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांची नावे सोलापुरातले शाळकरी मूल सांगेल. त्यांच्या शिक्षेवर सह्या करणाऱ्यांची नावे कोणाच्या ओठांवर नाहीत. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जाताना माझ्या मनात नेहमी येते की त्या सह्या करणाऱ्यांपैकी एखाद्याला पुढे झोप लागली नसेल तर त्याची कादंबरी कोणीतरी लिहायला हवी होती. अशा कादंबरीने हुतात्म्यांचे मोठेपण तसूभर कमी होणार नाही.

येशुआच्या ‘भला माणूस’ या संबोधनाला अनेक वाचक भाबडेपणा समजतात. ज्या शताधिपतीने त्याला चाबकाने फोडले, त्या मार्कबद्दलही तो म्हणतो की भल्या माणसांनी याला विद्रूप केले तेव्हापासून हा कठोर झाला. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ज्ञानेश्वरांनी पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असे मागितले आहे. खळ नाहीसे व्हावेत असे ते म्हणत नाहीत, त्यांचा वाकडेपणा गळावा असे म्हणतात, आणि लगेच ‘तयां सत्कर्मी रती वाढो’ असे त्याच खळांसाठी मागतात. वाकडेपणा सरळ वस्तूलाच येतो, सरळपणा आधी आणि वाकडेपणा नंतर. पुढच्याच ओवीत ‘दुरिताचें तिमिर जावो’ असेही मागणे आहे. अंधाराचा समतोल राखावा असे तेथे कोठेही नाही.

लेखकाच्या काळाबद्दलही थोडे सांगतो, कारण परस्परावलंबनाची गोष्ट करणे सुखासीन माणसाला सोपे असते. बुल्गाकोव्ह यांनी ही कादंबरी 1928 च्या सुमारास सुरू केली, 1930 मध्ये हस्तलिखित जाळले, ती पुन्हा लिहिली आणि 1940 मध्ये मृत्यू येईपर्यंत पत्नीला सांगून दुरुस्त्या करून घेतल्या. ती प्रथम ‘मॉस्क्वा’ मासिकात 1966-67 मध्ये, तीही काटछाट होऊन, छापली गेली. कादंबरीतला अलोइझी मोगारिच मास्टरविरुद्ध चुगली करतो ती त्याची तळघरातली जागा मिळावी म्हणून, आणि ती चुगली तो मित्र म्हणून घरी येऊन-जाऊन केलेल्या ओळखीवर उभी करतो. असे शेजारी, असे मित्र ज्या शहरात होते, तेथे बसून कोणी वाईटाला सृष्टीचा आवश्यक भाग म्हणून गोंजारत होता, हे मला संभवनीय वाटत नाही. त्यांच्या पिलाताच्या कथेत भित्रेपणा हा सर्वांत भयंकर दुर्गुण ठरतो, आणि मास्टरला प्रकाश न मिळण्याचे कारणही मी त्याच्या खचून जाण्यात शोधतो. कादंबरी कारण स्पष्ट देत नाही, म्हणून हे माझे वाचन म्हणूनच घ्यावे.

आता तुमची चादर. विणीपुरता तुमचा दाखला अगदी बरोबर आहे. पिलाताचे धागे काढले तर येशुआची बाजूही उसवते, आणि कादंबरीकाराला दोन्ही एकाच मागावर घ्यावे लागतात. चादर कोणतीही बाजू वर करून अंथरता येते, तिला दोन्ही सारख्या. या कादंबरीत तसे करता येत नाही. तुम्ही ती वोलान्दच्या बाजूने अंथरून पाहा, बेंगाल्स्कीची मान आणि फ्रीदाचा रुमाल वर येतील आणि त्यांना जमीन समजून त्यावर निजता येणार नाही.

पुढच्या बैठकीत गच्चीवरच्या संवादाच्या 29व्या प्रकरणावरचा वाद बाजूला ठेवून 24वे प्रकरण मोठ्याने वाचा, मार्गारिटाचे आणि वोलान्दचे बोलणे दोघांनी वाटून घ्या. आधी मागे जाऊन, मालक कोठे आहे असे तिने विचारलेले वाक्यही वाचा, आणि त्या प्रश्नाला कादंबरीत पुढे कोठे उत्तर मिळते का, ते सर्वांनी मिळून शोधा.